शेंगतेलातले फ्राईज : ल्यूव्हेनजवळची एक हिरवी गाडी

ज्यांना पुढचं सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधी निकाल सांगून टाकते. चव उत्तम. तेल शेंगदाण्याचं, नुसतं विचारून नाही, डबा बघून खात्री केलेलं. लहान पुडा चार युरोच्या आत, सॉसचा युरो वेगळा. शुक्रवारी संध्याकाळी रांग पंचवीस मिनिटांची. बसायला जागा नाही, पाऊस आला तर डोक्यावर छप्परही नाही. गाडीचं नाव देत नाही, कारण पंचवीसची पस्तीस मिनिटं झाली तर त्या रांगेत मीच उभी असणार. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहराहून बसने पंधरा मिनिटांवरचं गाव, चर्चसमोरचं पार्किंग, हिरवी गाडी. शोधणाऱ्याला एवढं पुरे.

आता तेलाचं एवढं कौतुक का, ते.

बेल्जियमला आले त्याला चार वर्षं होतील. पहिले आठ महिने मी जवळजवळ फ्राईजवर काढले. मी शाकाहारी, अंडं इकडे आल्यावर सुरू केलं (आईला माहीत आहे, ती फक्त विषय काढत नाही). लॅबमधून सुटायला आठ वाजायचे, दुकानं सहालाच बंद, आणि घराच्या कोपऱ्यावर एक फ्रीतकॉट. म्हणजे आपल्याकडची वडापावची टपरी समजा. प्रत्येक गावात एक तरी असतेच, आणि प्रत्येक गावाला आपलीच सगळ्यात चांगली वाटते. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, ‘हे शाकाहारी आहे ना?’ गाडीवाला माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मी पाणी ओलं आहे का विचारलं. ‘बटाटा आहे, बाई!’

बटाटाच होता. तळला होता बैलाच्या चरबीत.

हे मला आठ महिन्यांनी कळलं, तेही योगायोगाने. गाडीमागे पुठ्ठ्याचे खोके रचले होते, त्यांवर बैलाचं चित्र. ‘ऑसवित’ या डच शब्दाची फोड केली तर ‘बैलाचं पांढरं’. फ्रेंच बोलणारे त्याला ‘ब्लां द बफ’ म्हणतात. गुरांची चरबी वितळवून, गाळून, थिजवलेले पांढरे ठोकळे. जुन्या पद्धतीचे बेल्जियन फ्राईज यातच तळतात. तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या डोक्यात प्रश्न पुड्यातल्या वस्तूचा होता, माझ्या डोक्यात कढईतल्या. त्या रात्री मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. आमच्या घरात माळ आहे, आजोबा वारी करायचे. मी रडायच्या बेतात, आणि आई म्हणते, ‘कळल्यावर सोडलंस ना? मग झालं की. आता तेलातले कुठं मिळत्यात ते बघ.’

असा हा शोध सुरू झाला.

तुम्ही ब्रसेल्सला आलात तर कुणीतरी तुम्हाला प्लास जुर्दां चौकातल्या मेझों आंत्वान या फ्रीतकॉटला नेणारच. 1948 पासूनचं ठिकाण. 2016 च्या फेब्रुवारीत युरोपीय नेत्यांची बैठक लांबली तेव्हा जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर अँगेला मर्केल मधेच उठून इथे फ्राईज खायला आल्या होत्या, त्यामुळे आता ते जरा पर्यटनस्थळही झालं आहे. मी सहकाऱ्यांबरोबर गेले. ते तिथे चरबीतच तळतात, लपवत अजिबात नाहीत, उलट तो त्यांच्या अभिमानाचा भाग आहे, आणि मला हा सरळपणा आवडला. बाकीच्यांनी पुडे घेतले, मी समोरच्या कॅफेत कॉफी घेतली. या चौकातली गंमत अशी की आजूबाजूच्या कॅफेंच्या दारावर ‘इथे फ्राईज चालतील’ अशा अर्थाच्या पाट्या आहेत. पेय त्यांचं घ्या आणि बाहेरचा पुडा त्यांच्या टेबलावर बसून खा. पुण्यात कुठल्या हॉटेलात बाहेरचा वडापाव काढून बघा. चवीबद्दल मी काय सांगणार? एका सहकाऱ्याने बोटं चाटली, दुसऱ्याने दुसरा पुडा आणला. वासावरून एवढं कळलं की चरबीतल्या फ्राईजला एक जड, तुपकट दरवळ असतो. तो तेलाला येत नाही.

हे दुखणं काही आपलं एकटीचं नाही म्हणा. अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सने 1990 मध्ये गोवंशाची चरबी सोडून वनस्पती तेल घेतलं, पण चवीसाठी बटाट्यात गोमांसाचा अर्क ठेवला होता. 2001 मध्ये सिअ‍ॅटलचे वकील हरीश भारती कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी कंपनीने एक कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. भारतातल्या फ्राईजमध्ये हे नव्हतंच, तरी तेव्हा ठाण्यातल्या दुकानाच्या काचा फुटल्या. मी शाळेत होते. ‘बटाट्यात मांस कसं असेल, काहीतरीच’ असं म्हटल्याचं मला चांगलं आठवतंय.

हिरवी गाडी सापडली ती बस चुकल्यामुळे. पुढच्या बसला चाळीस मिनिटं होती आणि वास आला. तळणीचा, पण ओळखीचा. सणाच्या दिवशी घरात शिरताना येतो तो. जवळ गेले तर काचेमागे पिवळ्या डब्यांवर भुईमुगाच्या शेंगांचं चित्र. साठीच्या आसपासची मालकीणबाई, केस रुमालात बांधलेले, चेहऱ्यावर हसू नावालाही नाही. मी तेल विचारलं, तिने डबाच उचलून समोर ठेवला. मांसाचे रोल वेगळ्या कढईत, त्यांच्या जाळ्यांच्या दांड्याला लाल पट्टी. मी एक पुडा घेतला, बस आली तरी चढले नाही, दुसरा घेतला.

करंगळीएवढे जाड काप. वरून पापडी, दातांखाली ती मोडते, आणि आत उकडलेल्या बटाट्यासारखा भुसभुशीत, वाफाळता गर. बर्गरवाल्यांचे काडीसारखे फ्राईज खाऊन आपली समजूत अशी झालेली असते की कुरकुरीतपणा म्हणजेच सगळं. इथे आत बटाटा लागतो. मेयोनेज घट्ट, जरा आंबटसर, ठीक. अँडलूज सॉस घेऊ नका, गोडूस टोमॅटोचा तो प्रकार मला दोनदा घेऊनही कळला नाही. लाकडी काटा इतका लहान की तिसऱ्या कापाला आपण हातानेच खायला लागतो.

पण या गाडीची खरी परीक्षा मी नाही, आईने घेतली.

आई गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये आली. आमचं गाव सातगाव पठारावर, आंबेगाव तालुक्यात. तिथे पावसाळी बटाटा होतो. जूनमध्ये लावायचा, गणपतीच्या पुढेमागे काढायचा, बियाणं मंचरच्या बाजारातून आणायचं, पंजाबचं. आईने आयुष्यात दुसरं काही कमी पाहिलं असेल पण बटाटा भरपूर. ती येणार म्हणून मी ब्रूजला फ्राईजचं संग्रहालय दाखवायचं ठरवलं. हो, फ्राईजचं संग्रहालय. 2008 पासून आहे, आणि इमारत आहे 1399 ची, जेनोवाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली. खालच्या मजल्यावर पेरू देशातल्या बटाट्याचा इतिहास, वर फ्राईजचा, जुन्या कापण्या नि तळण्या. तासाभरात होतं. तळघरात फ्राईज मिळतात, आम्ही घेतले नाहीत. मुलं बरोबर असतील तर जा, नाहीतर ब्रूजमध्ये बघायला दुसरं बरंच आहे.

तिथे एक गोष्ट मात्र फार रंगली. बेल्जियमचे लोक फ्राईजच्या जन्माची कथा अशी सांगतात: नामूरच्या बाजूला म्यूज नदीकाठची गरीब माणसं छोटे मासे तळून खायची. 1680 च्या हिवाळ्यात नदी गोठली, मासे मिळेनात, तेव्हा त्यांनी बटाटेच माशांच्या आकाराचे कापून तळले. मी भाषांतर करून सांगितलं. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘गरीब होती म्हणतीस ना? मग तळणीला तेल कुठनं आणलं?’

‘म्हणजे?’

‘अगं, आमच्याकडं कढई चढायची दिवाळीला नि कुणाचं लगीन असलं तर. बटाटा गरिबाकडं असतोय. भाजून खायचा, उकडून खायचा. तळायला तेल लागतंय पायलीभर.’

मी हसले तेव्हा. नंतर वाचलं तर लिएज विद्यापीठाचे इतिहासकार पिएर लक्लेर यांचा मुद्दा नेमका हाच! अठराव्या शतकात चरबी महाग होती, शेतकरी ती कढईभर वितळवून बटाट्यावर घालवणार नाही. शिवाय त्या भागात बटाटा पोचला तोच 1735 च्या आसपास, 1680 मध्ये कापायला होतं काय? लक्लेर यांच्या मते तळलेला बटाटा पॅरिसच्या रस्त्यावरचा. बेल्जियमला तो आणला बव्हेरियात जन्मलेल्या फ्रेडरिक क्रीगरने. 1842 मध्ये तो पॅरिसला मोंमार्त्र रस्त्यावरच्या एका दुकानात तळायला शिकला आणि 1844 पासून ‘मस्यू फ्रिट्झ’ नावाने बेल्जियमच्या जत्रांमधून पाल टाकून ‘पॅरिससारखे तळलेले बटाटे’ विकू लागला. हे आईला सांगितलं तर ती लगेच, ‘मग असं सांग की! जत्रेतली भजी ती.’ बरोबरच आहे. चर्चसमोरची माझी हिरवी गाडी त्या पालाचीच खापरपणती. 2014 मध्ये फ्लँडर्सने, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागाने, फ्रीतकॉट हा आपला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला, तोही तळलेल्या बटाट्याचा नाही, अशा टपरीवर उभं राहून खाण्याच्या रीतीचा.

आणि ते ‘फ्रेंच’ नाव पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी फ्रेंच बोलणाऱ्या बेल्जियनांमुळे दिलं, ही दुसरी कथा मला इथल्या निदान पाच माणसांनी ऐकवली आहे. इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात ते नाव 1856 मध्येच छापून आलेलं आहे. मी आता दुरुस्त करत बसत नाही.

तर आईला घेऊन गाडीवर गेले. बाईने नेहमीसारखी मान हलवली. आई थेट काचेला नाक लावून उभी. एका कढईत फिकट काप सोडलेले, हळूहळू बुडबुडे येतायत. पाचसहा मिनिटांनी बाईने जाळी उचलली, काप पांढुरकेच, मलूल, आणि ते परातीत पसरून ठेवले. आधीचा गार झालेला घाणा दुसऱ्या कढईत टाकला, तर एकदम सर्र. आईला कढई कमी-जास्त तापलेली आहे हे आवाजावरूनच कळलं. पहिली कढई दीडशे अंशांच्या आसपास, तिच्यात बटाटा आतून शिजतो. मग निदान अर्धा तास गार करायचा, तेवढ्यात वरची वाफ निघून जाते. दुसरी 175 ते 180 अंशांवर, दोनच मिनिटं, त्यात वरचं कवच खरपूस होतं. एकदाच तापलेल्या तेलात टाकले तर बाहेरून काळे, आतून कच्चे. करंजी मंद आचेवर का तळतात हे जिला माहीत आहे तिला हे समजवावं लागत नाही.

पुडा हातात आला. आईने एक काप उचलला, उजेडात धरला. कडा जरा जास्तच तांबूस, टोक काळपट.

‘बटाटा गोडावलाय.’

मला वाटलं, झालं, आवडलं नाही. मी सारवासारव करायला लागले. पण बाईने विचारलं, काय म्हणतात त्या? मी कसंबसं डचमध्ये सांगितलं की आईला बटाटा गोड लागतोय. बाईचा हात थांबला. तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. म्हणाली, बरोबर आहे, हा माझा ऑक्टोबरचा शेवटचा माल.

बटाटा फार गारठ्यात ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि दुसऱ्या तळणीत ती साखर करपते. म्हणून तळायचा बटाटा साधारण सात-आठ अंशांवर ठेवतात, भाजीच्या बटाट्यासारखा चारवर नाही. पण तिथेही आठ-नऊ महिने पडून राहिला की म्हातारपणाने गोडी चढतेच. आमच्याकडे उन्हाळ्यात वेफर करणाऱ्या बायकांना हे पक्कं माहीत असतं. कोल्ड स्टोरेजचा बटाटा आणला तर वेफर लाल होतात, म्हणून पोतं घ्यायच्या आधी एक चकती तळून बघायची. आईने मला तुरटीच्या पाण्याचंही विचारायला सांगितलं. तुरटीला डचमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं, तो विषय तिथेच बुडाला. पाण्यात भिजत घालता का, एवढं विचारलं. नाही म्हणाली, कापले की एकदा धुवायचे आणि फडक्याने कोरडे करायचे, बस. आईला पटलं नाही.

बटाट्याची जात बिंत्या. फ्रीतकॉटवाल्यांची जुनी लाडकी, पिठूळ, पिवळसर. नेदरलँड्समधल्या फ्रिझलंडच्या एका शिक्षकाने, क्लास द व्रीस यांनी, 1900 नंतरच्या पहिल्या दशकात तयार केली आणि वर्गातल्या बिंत्या यान्स्मा नावाच्या मुलीचं नाव तिला दिलं. 1910 मध्ये ती बाजारात आली. आमच्याकडे कुफरी ज्योती, कुफरी पुखराज. कुफरी हे हिमाचलातलं गाव. शाळेतल्या पोरीचं नाव बटाट्याला हे आईला इतकं आवडलं की परतीच्या बसमध्ये तिने ते चार वेळा म्हणून बघितलं. बिन्ती, बिन्ती.

बाईने जाताना बजावलं होतं, जुलैच्या सुरुवातीला येऊ नका. नवा बटाटा येतो, पाणी फार असतं त्यात, काप मऊ पडतात, मला स्वतःला आवडत नाहीत.

आणि आषाढी आली 6 जुलैला. रविवार.

साबुदाणा मी ब्रसेल्सहून आणून ठेवला होता. सकाळी खिचडी झाली. संध्याकाळी आई म्हणते, ‘त्या बाईकडं शेंगतेल आहे ना? मग उपासाला चालतंय की.’ मला हे सुचलंच नव्हतं. शेंगदाण्याचं तेल, बटाटा, दोन्ही उपासाचे. अडचण होती मिठाची. आईने पर्समधून सैंधवाची डबी काढली, जी ती विमानातूनही घेऊन आली होती.

गाडीवर मी सांगितलं, मीठ घालू नका. बाईला पटेना. मीठ न घालता ती देतच नाही, तिच्या नावाला बट्टा लागतो म्हणे. मी सांगितलं की आज आमचा उपास आहे. उपास आहे आणि फ्राईज खाणार? यावर मी काय उत्तर देणार, मलाही लहानपणी हाच प्रश्न पडायचा. आईने तेवढ्यात कढया मोजून घेतल्या, लाल पट्टीची जाळी कुठे आहे ते बघितलं, काप हलवायची परात पुसून घ्यायला लावली. खुणेनेच. मागे रांगेत सातआठ माणसं, एकजण घड्याळ बघतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने मात्र परात पुसली, अगदी दोनदा.

खरं सांगायचं तर त्या गाडीवर मी खाल्लेला तो सगळ्यात वाईट पुडा. बाईने म्हटलं होतं तसंच. काप वाकत होते, पुड्याच्या तळाला ओल धरली होती, दुसऱ्या तळणीचं कवच पाच मिनिटांत उतरलं. म्हणून एक पूर्ण गुण कापते. आईने तो सगळा संपवला, सैंधव भुरभुरवून, चर्चच्या पायरीवर बसून. मी म्हटलं, मऊ झालेत ना गं? तर म्हणे, ‘उपासाला कुरकुरीत कशाला लागतंय?’

निघताना बाईने डबीकडे बोट दाखवलं. आईने तिच्या तळहातावर चिमूटभर सैंधव ठेवलं. बाईने एक काप त्यात बुडवला, सावकाश चावला, जरा विचार केला, आणि मला म्हणाली, ‘साधं मीठच तर आहे.’

मी हे भाषांतर करून सांगितलं नाही.

सोमवारी गाडी बंद. रोख पैसे न्या, कार्डाचं यंत्र अर्धा वेळ चालत नाही. सप्टेंबरअखेर नवा माल मुरला की जाणं सगळ्यात चांगलं, जूनमध्ये जायचं तर कडा बघून घ्या, आणि जुलैचे पहिले दोन आठवडे सोडा. मीठ नको असेल तर ‘झोंडर झाउत’ म्हणायचं. कारण विचारलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, लवकर सुटका होते.